हललेलं मोजणीत दिसत नाही

माझं डिग्रीचं सर्टिफिकेट सरांनी आधी वाचलं नाही. खिडकीकडे धरून उजेडात पाहिलं, मग शिक्क्यावरून अंगठा फिरवून शाई निघते का ते बघितलं. माझा इंटरव्ह्यू घ्यायला ते एकटेच बसले होते. पाच मिनिटं एकही प्रश्न नाही. शेवटी म्हणाले, मखमलाबादच्या तुम्ही, वडील गुलाब लावतात, मग इकडे कशाला आलात? मी म्हटलं, मला कॉम्प्युटरचं काम आवडतं.

"कोण म्हणतं?" त्यांनी विचारलं.

मी काय उत्तर दिलं ते आता आठवत नाही. नोकरी मिळाली. हा प्रश्न मात्र पुढची दोन वर्षं मी रोज ऐकला. पाऊस येणार म्हणतात, कोण म्हणतं? उद्या सुट्टी आहे, कोण म्हणतं? शेजारच्या कारखान्याचा भोंगा वाजला की सर भिंतीवरचं घड्याळ बघायचे आणि दोघांत एका मिनिटाचा फरक निघाला तर आज भोंग्याचं चुकलं की घड्याळाचं यावर पाव तास विचार करायचे. आपलं मनगटावरचं घड्याळ ते या वादात आणत नसत. तेही संशयित होतं.

आमचं ऑफिस सातपूरच्या एमआयडीसीत, एका लेथच्या वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर. खाली लोखंड कापलं जायचं आणि वर आमच्या फरशा थरथरायच्या. काम पुस्तकांचं. प्रकाशकाकडून पुस्तकाची फाइल यायची ती सपाट. मथळा, परिच्छेद, दुसरा परिच्छेद, तक्ता, पुन्हा मथळा, सगळं एका रांगेत, एकाच पातळीवर. वाचणाऱ्या माणसाला कळतं की हा परिच्छेद त्या मथळ्याखालचा. मशीनला कळत नाही, मशीनच्या लेखी ती सगळी एका आईची भावंडं. त्या रांगेतून गट पाडायचे, मथळा आणि त्याच्या पोटातला मजकूर एका खोक्यात घालायचा, यासाठी आम्ही नियमांची एक फाइल लिहायचो. तिला स्टाइलशीट म्हणतात. नियम बरोबर असतील तर हजार पानांचं पुस्तक दोन मिनिटांत नीट लागतं. चुकले तर तेही दोन मिनिटांतच.

पहिला आठवडाभर सरांनी मला कीबोर्डला हात लावू दिला नाही. एक छापील पान कात्रीने कापून त्याच्या पट्ट्या केल्या, टेबलावर उभ्या रांगेत मांडल्या आणि म्हणाले, बांधा गट. मग मध्येच विचारलं, तुमच्याकडे मेथीची जुडी कशी बांधतात? आमच्याकडे गुलाबांच्या कडेने थोडी मेथी असायची, ती आई बांधायची. मी सांगितलं, मूठभर घेतात, देठं सारखी करतात, सुतळी गुंडाळतात. दोन वाफ्यांची मिसळली तर? मी म्हटलं, गिऱ्हाइकाला काय कळतंय. सरांनी हातातली पट्टी खाली ठेवली. माझ्या नावावर त्या दिवशी त्यांच्या मनात काहीतरी नोंद झाली असणार, असं मला तेव्हाही वाटलं.

गट बांधायच्या दोन रीती असतात, त्यांनी समजावलं. एक नाव बघून. एका नावाचं जे जे असेल ते जिथून मिळेल तिथून उचलायचं आणि एकत्र ठेवायचं. दुसरी जागा बघून. एका मथळ्यापासून निघायचं आणि पुढचा मथळा दिसेपर्यंत चालत राहायचं, वाटेत भेटेल ते सगळं पहिल्याचं. नावाची रीत लिहायला सोपी. सर मात्र शक्यतो जागेची वापरायचे. मी कारण विचारलं तर म्हणाले, "नाव कोणीही कोणालाही देतं."

सर मूळचे मालेगावचे. वय पंचावन्नच्या पुढे, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. ऑफिसात सगळ्यांना, अगदी झाडलोट करणाऱ्या मावशींनाही, ते तुम्ही म्हणत. त्यात आदर किती आणि अंतर किती हे कोणालाच कळलं नाही. संध्याकाळी जाताना ते आपला माऊस काढून रुमालात गुंडाळून घरी न्यायचे. प्रत्येक फाइल तीन ठिकाणी ठेवायचे. दोन जागा आम्हाला माहीत होत्या. प्रोग्राम पहिल्याच फटक्यात बरोबर चालला की आम्ही खूश व्हायचो, सरांचा चेहरा पडायचा. पहिल्या फटक्यात बरोबर आलं म्हणजे काहीतरी लपून बसलंय, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि मग ते दिवसभर ती लपलेली गोष्ट शोधत बसायचे. दहातल्या सहा वेळा ती सापडायची.

एकदा आमच्यातल्या एकाने भाच्याच्या बारशाचे पेढे वाटले. सरांनी पेढा हातात घेतला, खाल्ला नाही. तो पुढे गेल्यावर मला हळूच म्हणाले, यांना दुसरीकडे नोकरी लागली. मी विचारलं, कशावरून? म्हणाले, भाच्याचं नाव विचारलं तर थांबले. महिन्याभराने त्याने राजीनामा दिला. खरं तर यानंतर सरांच्या नजरेचं कौतुक व्हायला हवं होतं. झालं उलटंच. माणसं त्यांच्यासमोर बोलेनाशी झाली. आपल्या थांबण्याचा हा काय अर्थ काढेल, याची प्रत्येकाला धास्ती. जो सगळ्यांवर संशय घेतो त्याच्याकडेच लपवण्यासारखं जास्त असणार, असं जेवणाच्या टेबलावर बोललं जाऊ लागलं. मीही मान हलवायचे.

आणि सरांच्या बाबतीत एक गोष्ट दिसत होतीच. ते रोज छापील पानं घरी न्यायचे. दुपारी प्रिंटरपाशी उभे राहायचे, पानांवर हात झाकून ठेवायचे आणि संध्याकाळी कापडी पिशवीत घालून निघायचे. दुसऱ्या दिवशी पानं परत यायची, पण ती काय करतात हे त्यांनी कधी सांगितलं नाही. काम सगळं स्क्रीनवरचं. कागद लागतोच कशाला?

त्याच सुमारास आम्हाला मिळणारं एक मोठं काम पुण्यातल्या दुसऱ्या कंपनीकडे गेलं. डायरेक्टर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते माझ्याहून फार तर आठ वर्षांनी मोठे, एरवी हसून बोलणारे. त्या दिवशी त्यांनी आधी दार लावलं. पुण्याच्या लोकांनी दाखवलेली नमुन्याची पानं हुबेहूब आपल्यासारखी होती, म्हणाले. मग सरांच्या पिशवीचा विषय काढला. मी कोणावर आरोप करत नाही, फक्त तू शेजारच्या टेबलावर बसतेस तर जरा लक्ष ठेव, कधी काय नेतात ते लिहून ठेव. बोलता बोलता त्यांनी हेही सांगितलं की टीमला पुढे नवा लीड लागणार आहे.

मी नाही म्हणू शकले असते. म्हटलं नाही. लीड व्हायचं होतं हे एक. दुसरं म्हणजे सर चोर असतील हे मला पटायला लागलं होतं, आणि पटलं की बरंही वाटायचं. त्यांच्याकडून दोन वर्षं ऐकलेल्या प्रत्येक 'कोण म्हणतं'चा हिशेब त्यात चुकता होत होता.

एका छोट्या वहीत मी नोंदी करू लागले. पाच चाळीस, पिशवीत कागद, अंदाजे अठरा. दुपारी फोन, जिन्यात जाऊन बोलले, चार मिनिटं. वही ड्रॉवरमध्ये, जुन्या डायऱ्यांच्या खाली. तीन आठवडे असं चाललं. एका सकाळी वही उघडली तर आदल्या दिवशीच्या नोंदीशेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं: पाच पस्तीस. पाने बावीस.

अक्षर सरांचं होतं. मी मागची पानं उलटली. पहिल्या नोंदीपासून तपासणी झालेली. जिथे बरोबर तिथे बरोबरची खूण, जिथे चूक तिथे दुरुस्ती. एका मंगळवारी मी काहीच लिहिलं नव्हतं, तिथे त्यांनी भर घातली होती: या दिवशीही नेली, अकरा.

 शेजारी सर नेहमीसारखे स्क्रीनला नाक लावून बसलेले. त्यांनी दिवसभर एक शब्द काढला नाही, मीही नाही. घरी जाऊन विचार केला तेव्हा लाज वाटायच्या ऐवजी संशयच वाढला. निर्दोष माणूस असा गप्प बसेल का? तो ओरडेल, वही फाडेल. हा दुरुस्त्या करतोय म्हणजे यात काहीतरी डाव आहे. मी नोंदी करत राहिले आणि रोज सकाळी त्यावर खुणा होत राहिल्या. आम्ही दोघं जणू एकच रजिस्टर चालवत होतो, फक्त त्याबद्दल बोलत नव्हतो.

मग औषधांचं पुस्तक आलं. खेड्यापाड्यांतल्या आरोग्यकेंद्रांवर काम करणाऱ्या नर्सबायांसाठी केलेलं हँडबुक. एकेक औषध, त्याखाली ठरलेले मथळे, मोठ्यांसाठी मात्रा, मुलांसाठी मात्रा, काळजी काय घ्यायची. मुदत कमी होती. सरांना न देता डायरेक्टर साहेबांनी ते मला दिलं. मी नाव बघून गट बांधायची रीत वापरली, कारण प्रत्येक फाइलीत एकच औषध होतं आणि मथळ्यांची नावं सगळीकडे तीच. चार दिवसांत स्टाइलशीट तयार. आत गेलेले शब्द आणि बाहेर आलेले शब्द मोजून पाहिले, एकाचाही फरक नव्हता. सरांच्या सहीशिवाय कुठलंच काम बाहेर जात नसे, म्हणून आकड्यांची छापलेली यादी मी त्यांच्या टेबलावर ठेवली, जरा जोरातच.

सरांनी आकडे पाहिले. पहिल्याच फटक्यात जुळले का, विचारलं. मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मोजणीने हरवलेलं कळतं. हललेलं कळत नाही."

सगळी पानं बघितल्याशिवाय सही करणार नाही, म्हणाले. किती दिवस लागतील? सांगता येत नाही. ही गोष्ट मी केबिनमध्ये जाऊन सांगितली, आणि सोबत वहीही दिली. त्यातल्या पेन्सिलीच्या खुणांसकट.

दुसऱ्या दिवशी सरांना बोलावलं तेव्हा मला पण बसवून घेतलं होतं. डायरेक्टर साहेबांनी वही पुढे केली आणि विचारलं, यावर तुमचं काय म्हणणं आहे? सरांनी चष्मा लावून शेवटचं पान वाचलं, जणू पहिल्यांदाच बघत होते. म्हणाले, नोंदी बरोबर आहेत, मी तपासल्यात. पानं कुठे जातात? घरी जातात. घरी कशाला? बायको वाचते.

साहेब हसले. बायको काय वाचते, सर, औषधांची नावं? कोण म्हणतं?

त्यांनी हे मुद्दाम म्हटलं की तोंडातून गेलं, माहीत नाही.  सरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि त्या वेळी मला तेवढंच हवं होतं. उठून टेबलापाशी आले, माऊस रुमालात गुंडाळला, पिशवीत त्या दिवशीची पानं होती ती तशीच घेऊन जिना उतरले. दुसऱ्या दिवसापासून ते कामावर आले नाहीत. घरी बायको खरोखर वाचते का, हे तपासायला सातपूरपासून सिडकोपर्यंत जावं लागलं असतं. वीस मिनिटांचा रस्ता. कोणी गेलं नाही. पुस्तक मी त्याच आठवड्यात, सरांच्या सहीविनाच, प्रकाशकाकडे पाठवून दिलं.

पाच दिवसांनी दुपारी ऑफिसच्या जिन्याखाली एक बाई माझी वाट बघत उभ्या होत्या. सुती साडी, पांढरे केस घट्ट बांधलेले, हातात तीच कापडी पिशवी. मी सरांची बायको, म्हणाल्या. एकतीस वर्षं त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. सर पानं आणायचे, त्या जेवणं झाल्यावर मोठ्याने वाचायच्या आणि सर मूळ पान हातात धरून ऐकायचे. गोष्टीची पुस्तकं, कायद्याची पुस्तकं, जे असेल ते. डोळ्याला चुकतं ते कानाला खटकतं, असं सरांचं म्हणणं. आताची ही शेवटची पानं राहिली होती. ते म्हणाले, जाऊ दे, आपला संबंध संपला. पण बाईंना अर्धवट सोडवेना.

त्यांनी एक पान काढून माझ्या हातात दिलं. एका ओळीखाली नखाची खूण होती.

"हाई बरोबर नही शे," त्या आपल्या बोलीत म्हणाल्या, आणि मग माझ्यासाठी पुन्हा, "बरोबर नाही हे, बाळा. एवढ्याशा पोराला एवढं सिरप देत नाहीत. मी देऊच दिलं नसतं."

खरं सांगते, मला पहिल्यांदा वाटलं ते हे की सरांनी पान बदललंय. मला अडकवायला नवं पान छापून बायकोच्या हातात दिलंय. मी बाईंना पाणीही विचारलं नाही. वर गेले, मूळ फाइल उघडली. त्या एका फाइलीत औषध एक नव्हतं, दोन होती. एकच सिरप, आधी तीव्र आणि मग सौम्य, दोन्ही एका फाइलीत. दोघांच्याही खाली 'मुलांसाठी मात्रा' असा मथळा. माझ्या नियमाने नाव बघितलं, दोन्ही मथळ्यांखालचा मजकूर उचलला आणि पहिल्याखाली एकत्र ठेवला. सौम्य सिरपचं माप तीव्र सिरपच्या खाली गेलं, आणि सौम्य सिरपखाली मुलांसाठी काहीच उरलं नाही. एक शब्द हरवला नव्हता. मोजणी बरोबरच होती.

  मग मी उरलेल्या सगळ्या फाइली एकेक करून उघडल्या. अशी आणखी दोन औषधं निघाली.

डायरेक्टर साहेब हादरले, हे मी नाकारणार नाही. पण लगेच सावरले. दुरुस्त फाइल पाठवून दे, म्हणाले, सुधारित आवृत्ती असं लिही, कारण द्यायची गरज नाही. मी विचारलं, छापखान्याकडे जुनी गेली असेल आणि त्यांना वाटलं की किरकोळ बदल आहे, तर? ते म्हणाले, तू फार पुढचा विचार करतेस. दोन वर्षांपूर्वी मी ते ऐकून गप्प बसले असते. मी टेबलापाशी गेले आणि प्रकाशनाच्या संपादक बाईंना फोन लावला, छपाई थांबवा म्हणून सांगितलं, आणि मग सविस्तर पत्र लिहून ईमेलने पाठवलं. साहेबांना त्याची प्रत पाठवली. छपाई दोन दिवसांनी सुरू होणार होती. थांबली.

त्या पत्राची एक छापील प्रत घेऊन शनिवारी मी सिडकोत सरांच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर, दाराला आतून तीन कड्या. त्या एकेक निघताना ऐकू आल्या. सरांनी मला बसायला सांगितलं. मी सांगून टाकलं की वही माझी होती. त्यांनी मान हलवली. मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं तर मला थांबवलं का नाही? ते म्हणाले, तुम्ही चुकीचं लिहीत होता. चुकीच्या नोंदीवर माणूस गेला तर त्याला काही सांगता येत नाही. बरोबर नोंदीवर गेला तर निदान काय झालं ते कागदावर राहतं.

मी म्हटलं, चूक कळल्यावर साहेब तुम्हाला परत बोलावतायत, त्यांनी मला सांगितलंय. कोण म्हणतं, असं ते विचारतील म्हणून मी थांबले. त्यांनी विचारलं नाही. नुसतं म्हणाले, नाही येणार. आतून बाई म्हणाल्या, नकोच. एवढंच त्या विषयावर बोलणं झालं. पुढे ते खरंच आले नाहीत. सिन्नरच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायला जातात, असं नंतर कळलं.

मग मी पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यात सगळं लिहिलंय, म्हटलं, चूक काय झाली, कशी झाली, कशी सापडली. सरांनी ते खिडकीपाशी नेऊन वाचलं. पुन्हा वाचलं. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. सरांनी खिशातून पेन्सिल काढली आणि एका शब्दाखाली रेघ मारून कागद माझ्याकडे सरकवला.

वाक्य असं होतं: सदर पुस्तकात गट बांधताना आमच्याकडून चूक झाली व ती आम्ही वेळीच शोधून काढली.

"हे आम्ही कोण?" सरांनी विचारलं. "तुम्ही आणि मी शेजारी बसत होतो, एवढंच."

 लिहिताना तो शब्द सहज आला होता. ऑफिसच्या पत्रात असाच येतो. चूक कोणाची, शोध कोणाचा, सगळं त्यात गोळा होऊन बसलं होतं आणि एक शब्दही हरवलेला नव्हता.

तिथेच बसून मी फोन उघडला आणि संपादक बाईंना दुसरं पत्र लिहिलं. पहिल्या वाक्यात चूक माझ्या नावाने. दुसऱ्या वाक्यात शोध, दोन माणसांचा, दोघांच्या पूर्ण नावांनी. सरांच्या बायकोचं नाव मला माहीत नव्हतं, ते विचारून घेतलं. सर माझ्या खांद्यामागे उभं राहून अक्षर न् अक्षर बघत होते. पाठवायचं बटण दाबल्यावरही ते हलले नाहीत. पत्र गेल्याची खूण दिसल्यावरच त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली.